पिरेयसला न उतरता

जमिनीवर परत येऊन दीड महिना झाला, तरी जहाजाचे इंजिन माझ्या तळपायांतून अजून गेलेले नाही. नेपरव्हिलच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी असते, बाहेर बर्फ निमूटपणे ड्राइव्हवे भरत असतो, आणि मध्येच फरशीखालून एक बारीक थरथर वर येते. फ्रिजची असेल. मला मात्र वाटते, निघालो.

दिवाळीच्या स्नेहसंमेलनात भेटलेल्या प्रत्येकाने विचारले, "क्रूझ कशी झाली? जेवणाचं काय केलंत?" मी सांगत राहिले की छान झाली, भात मिळत होता. हातात फराळाची प्लेट असताना याहून खरे उत्तर देता येत नाही. ज्यांना तो समुद्र पाहायचा आहे आणि अजून पाहता आलेला नाही, त्यांच्यासाठी हे निवांतपणे लिहिते आहे. निवांतपणा फक्त बसण्यात आहे. प्रवासात तो नव्हता.

लग्नाला पंधरा वर्षे झाली म्हणून यंदा, २००८च्या वसंतात आम्ही बुकिंग केले: व्हेनिसला चढायचे, दुब्रोव्हनिक, पिरेयस, कुशादासी करत इस्तंबूलला उतरायचे. तेव्हा जग जागच्या जागी होते. सप्टेंबर उजाडला, अमेरिकेतल्या बँका बुडू लागल्या आणि ते हलू लागले. माझा नवरा श्रीनिवास शिकागोतल्या एका वित्तसंस्थेची संगणकप्रणाली सांभाळतो. त्याच्या सकाळच्या गाडीतले ओळखीचे चेहरे एकेक करून दिसेनासे झाले. आम्ही वर्क व्हिसावर. नोकरी आहे तोवर त्या देशात राहण्याचा हक्क आहे, आणि आम्ही बाहेर असतानाच ती गेली तर परतीच्या विमानतळावर दाखवायला हातात काही उरत नाही. घर तिकडे, तेरा वर्षांची ईरा तिकडे, आणि आपण भूमध्य समुद्रावर.

तरी निघालो. बुकिंग रद्द करायची मुदत संपली होती. शिवाय श्रीनिवासचे म्हणणे असे, की सुट्टी कॅन्सल करणारा माणूस घाबरलेला दिसतो, आणि घाबरलेल्यालाच आधी काढतात. ईराला शेजारच्या सुनीतामावशीकडे ठेवले. "डोन्ट वरी, आई. जस्ट गो," ती म्हणाली आणि व्हायोलिनची पेटी घेऊन मागे न पाहता त्यांच्या घरात शिरली.

व्हेनिस

या शहराला चाके नाहीत, हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. चाके नसली की काय ऐकू येते, ते ठाऊक नव्हते. पावले ऐकू येतात. लाकडी टाचांची, रबरी तळव्यांची, थकलेली, प्रेमात पडलेली. आणि त्यांच्या खालून पाणी, पायऱ्यांच्या हिरव्या ओठांना जीभ लावत राहणारे. हवेला ओल्या चुन्याचा वास होता, जुन्या विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तसा. मला त्या वासात बुडून राहायचे होते, पण श्रीनिवासला इंटरनेट हवे होते.

ते एका गल्लीच्या टोकाला मिळाले. दुकान एका बांगलादेशी तरुणाचे. त्याने श्रीनिवासच्या चेहऱ्याकडे पाहून हिंदीत विचारले, "शेअर बाजार?" बहुधा त्या आठवड्यात सगळेच तसे चेहरे घेऊन येत असावेत.

मी बाहेर कालव्याच्या कठड्यापाशी थांबले. काचेतून तो दिसत होता: पुढे झुकलेला, हनुवटीवर मूठ. ती बातमी न येवो म्हणून तो आत श्वास रोखून बसला होता. आणि बाहेर मी, ती यावी म्हणून.

हे लिहिताना हात अडखळतो. पण ते तसेच होते. सांगलीच्या कॉलेजात मी सहा वर्षे मराठी शिकवत होते. कविता हा माझा तास. नऊ वर्षांपूर्वी श्रीनिवासच्या पाठोपाठ अमेरिकेत आले ती त्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आणि त्या व्हिसाला नोकरीची मुभा नाही. शनिवारी वाचनालयाच्या खोलीत मराठी मंडळाच्या मुलांना मी काना-मात्रा शिकवते. मुले गोड आहेत, खिडकीबाहेर सॉकर चालू असतो. त्याची नोकरी गेली, तर कुणावर दोष न येता आम्ही परत जाऊ, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते.

जहाजावर चढताना पासपोर्ट तपासणारी मुलगी आमच्या व्हिसांवर बराच वेळ थबकली. मग तिने अतिशय मृदूपणे सांगितले, की पिरेयसला आम्हाला उतरता येणार नाही.

अथेन्सचे बंदर पिरेयस. साऱ्या प्रवासात मला जे एक शहर पाहायचे होते, ते अथेन्स. चूक साधी होती. आमचा युरोपचा व्हिसा एकदाच आत जाण्याचा होता. मधले दुब्रोव्हनिक त्या व्हिसाच्या बाहेरचे. व्हेनिस सोडले की आमचा एक प्रवेश खर्ची पडला, आणि ग्रीसमध्ये पाऊल ठेवणे हा दुसरा प्रवेश ठरला.

"अर्ज तू भरलास," मी म्हटले.

"जहाज एक, तिकीट एक. म्हणून एन्ट्री एक," श्रीनिवास म्हणाला. "माझं लॉजिक बरोबर होतं."

व्हिसांच्या तारखा ज्यांना मुलांच्या वाढदिवसांसारख्या पाठ असतात, त्यांच्याच हातून व्हावी अशी ही चूक. आमच्या मागे उभ्या असलेल्या, अमेरिकी पासपोर्ट पंख्यासारखे हलवणाऱ्या माणसांना ती करणे शक्यच नव्हते. त्यातले ओहायोचे एक वृद्ध दांपत्य रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर आले. बाईंनी विचारले, तुम्ही कुठले? एकाच क्षणी श्रीनिवास म्हणाला "शिकागो" आणि मी म्हणाले "सांगली". बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि लोण्याची बशी मध्यभागी सरकवली.

दुब्रोव्हनिक

तटबंदीच्या आतला मुख्य रस्ता चुनखडकाचा आहे, शतकानुशतकांच्या तळव्यांनी इतका गुळगुळीत झालेला, की दुपारच्या उन्हात तो ओला वाटतो. मी चप्पल काढून त्यावर उभी राहिले. दगड कोमट होता, मांजराच्या पोटासारखा. देवळाबाहेर चपला काढण्याची आपली सवय इथे कुणाला समजेना; एका माणसाने आस्थेने विचारले, पाय मुरगळला का?

तटावरून चालताना खाली कौलांचा समुद्र दिसतो. त्यात दोन रंग आहेत. थोडी कौले फिकट, मधासारखी. बाकीची भडक, नुकताच मळवट भरल्यासारखी. तटाच्या वळणावर एक बाई संत्र्याच्या सालींचे साखरेत मुरवलेले तुकडे आणि लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या विकत होती. मी त्या दोन रंगांविषयी विचारले.

"फिकट ती जुनी. लाल ती युद्धानंतरची," ती म्हणाली. तिचे इंग्रजी माझ्याइतकेच शाळेतले होते. युद्धात ती जर्मनीला गेली, तिथे सात वर्षे हॉटेलांच्या चादरी बदलल्या, मग परतली.

"परत आल्यावर बरं वाटलं?"

ती हसली. "पहिलं वर्ष फार वाईट. घर होतं, शेजारी नव्हते. नंतर नवे शेजारी आले. आता तेच जुने आहेत." तिने सालीचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. कडू आधी आला, गोड मागून. आपल्या पाकातल्या आवळ्याचा हाच क्रम.

मी हे श्रीनिवासला सांगायला वळले, तर तो बुरुजाच्या टोकाला कंपनीचा फोन उंच धरून उभा होता. ज्या झरोक्यातून कधीकाळी शत्रूची गलबते शोधली जात, त्यातून तो सिग्नल शोधत होता.

"येतोय?" मी विचारले.

"एक काडी. गेली."

पिरेयस

सकाळी जागी झाले ती शांततेने. इंजिन थांबले होते. नाश्त्याच्या दालनात ऊन, पावलांचे आवाज, मग रांगा, मग काहीच नाही. दोन हजारांची वस्ती धक्क्यावर उतरून बसगाड्यांत विरून गेली. वरच्या डेकवर रिकाम्या आरामखुर्च्या एकाच दिशेला तोंड करून, नाटक संपल्यावर प्रेक्षक उठून गेल्यासारख्या.

मी कठड्याला टेकून अथेन्स पाहिले. डिझेलच्या वासापलीकडे, फेरीबोटींच्या भोंग्यांपलीकडे, गच्च्या आणि अँटेनांच्या पांढऱ्या पसाऱ्यातून एक टेकाड वर आले होते. त्यावर ते प्राचीन देऊळ, फिकट, दुधाच्या दातासारखे. दुर्बीण लावली की हाताचा कंप त्याला लागे आणि ते हलू लागे. दुर्बीण काढली की ते स्थिर होई, पण इतके लहान, की नखाखाली झाकावे. मी कितीतरी वेळ ते आळीपाळीने करत राहिले.

श्रीनिवास जहाजावरच्या इंटरनेटच्या खोलीत होता. परतला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"अर्धं डिपार्टमेंट काढतायत," तो म्हणाला. "नावं या आठवड्यात सांगणार."

तेवढ्यात टेबले पुसत बाबल आला. बाबल वेंगुर्ल्याचा, चाळिशीतला, आमच्या जेवणाच्या टेबलावर वाढणारा. पहिल्याच दिवशी माझे कुंकू पाहून त्याने मला वैनी करून टाकले होते.

"वैनी, सगळी लोका खाली गेली. तुमी कित्याक रवलास?"

"व्हिसा नाही," श्रीनिवास म्हणाला.

"मगे आमच्यासारकेच," बाबल म्हणाला, आणि त्याला मनापासून हसू आले. "माका विचारा अथेन्स कसा आसा. ह्यो धक्को, ती क्रेन, आणि तो टॅक्सीवालो. झाला अथेन्स. माशे खातास मां?"

खालच्या कर्मचाऱ्यांच्या भटारखान्यातून त्याने आमच्यासाठी बांगड्याचे तिखले आणले. घरून आणलेली तिरफळे त्यात होती. पहिला घास घेताच जिभेवर मुंग्या आल्या आणि नाकात एकदम कोकणचा ओला रानवास भरला. निघाल्यापासून मी लोणी, क्रीम आणि पाणचट भाज्या खात होते. माझे डोळे भरले. श्रीनिवास नागपूरचा. तो म्हणाला, "झणका कमी आहे," आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

बाबल भांडी घेऊन गेल्यावर डेकवर आम्ही दोघेच उरलो.

"गेली तर काय करायचं, काही सुचतंय तुला?" त्याने विचारले.

"परत जाऊ."

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे परत. सांगली, पुणं, तुझं नागपूर. कुठंही."

"हा प्लॅन बी आहे, की..."

"मी व्हेनिसपासून तेच मागतेय, श्रीनिवास."

त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. धक्क्यावर क्रेनने एक पेटारा उचलला, हवेत झुलवला, ठेवला.

"म्हणजे मी तिकडं एकेक मेल उघडताना मरतोय, आणि तू इकडं नवस बोलतेयस."

"नवस नाही बोलले."

"तेवढं कशाला ठेवलं? बोलून टाक. पाच नारळ म्हण. डॉलरचा रेट चांगला आहे."

मला हसू फुटले. ते अगदी चुकीच्या जागी फुटले. तो उठला, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबला.

"आणि ईरा? तिला विचारलंस?"

तिला मी विचारले नव्हते. तो गेला. संध्याकाळी माणसे परतली, उन्हाने भाजलेली, हातांत ऑलिव्हच्या साबणाच्या पिशव्या. ओहायोच्या बाईंनी मला कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. प्रत्येक खांबापुढे त्या स्वतः उभ्या होत्या. खांब फारसा दिसत नव्हता.

कुशादासी

तुर्कस्तानचा व्हिसा आम्ही वेगळा काढला होता, त्यामुळे इथे उतरता आले. एफिससच्या अवशेषांकडे जाणाऱ्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि एका खिडकीतून बाहेर पाहिले. वाटेत अंजिराच्या बागा, कापसाची शेते. कापूस पाहून श्रीनिवास किंचित पुढे झुकला. विदर्भाचा माणूस, बोंडाकडे पाहिल्याशिवाय त्याला राहवत नाही.

संगमरवरी उतारावर मांजरेच मांजरे. स्तंभांच्या तुटक्या शिरांवर बसलेली, सत्ता त्यांचीच. उताराच्या पायथ्याशी ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत उभी आहे. मागे काही नाही. दारे आहेत, खिडक्या आहेत, आणि त्यांतून पलीकडचे आकाश ये-जा करते. पुढे गाइडने एका गवताळ मैदानाकडे हात केला. म्हणाला, हे बंदर होते. नदीने गाळ आणला, समुद्र मागे मागे गेला, मग व्यापारी गेले, मग शहर.

"क्लायंट गेला की असंच होतं," श्रीनिवास म्हणाला. पिरेयसनंतरचे त्याचे ते पहिले पूर्ण वाक्य.

बाहेर एका झाडाखाली एक म्हातारी काठवटीत पीठ मळत होती. लांब बारीक लाटण्याने तिने पोळी इतकी पातळ लाटली, की खालच्या लाकडाच्या रेघा दिसू लागल्या. आत पालक आणि खारट चीज घालून दुमडली, उपड्या तव्यावर टाकली. भाजलेल्या कणकेचा वास कुठल्याही देशाचा नसतो. आम्ही एकच घेतली आणि अर्धी अर्धी केली.

"सांगलीत तू काय करशील?" त्याने विचारले. आवाजात टोमणा नव्हता.

"विजया वर्षभर अभ्यासरजेवर जातेय. जानेवारीपासूनच्या सत्राला तिच्या जागी कुणी नाही. तिनं मला विचारलं होतं."

विजया माझी कॉलेजातली जुनी सहकारी. तिच्या फोनविषयी मी घरात बोलले नव्हते.

"परमनंट?"

"तासिका तत्त्वावर."

"तासाचे पैसे?" तो थांबला. "त्यात स्कूटरचं पेट्रोल तरी निघतं का गं?"

"नाही निघत."

"त्यासाठी आपण तिघांनी घर मोडून जायचं."

ते खरे होते. त्याने पोळीचा शेवटचा तुकडा माझ्याकडे सरकवला. त्या दिवशी त्याने एकदाही इंटरनेट शोधले नाही, आणि मला ते अधिकच अस्वस्थ करत राहिले.

इस्तंबूल

शहर धुक्यातून आधी आवाजाने आले. एका मिनारातून अजान सुरू झाली, दुसऱ्याने ती उचलली, तिसऱ्याने उशिरा. जहाज त्या साऱ्यांच्या मधून सरकत होते. बाबलचा निरोप घेतला. तो म्हणाला, "परत येवा, व्हिसो घेवन," आणि उरलेली तिरफळे कागदात बांधून दिली.

गलाता पुलावर शेकडो गळ ओळीने पाण्यात सोडलेले. माणसे खांद्याला खांदा लावून उभी, एकमेकांशी न बोलता. हवेत भाजलेल्या चेस्टनटचा गोडसर धूर, तळलेल्या माशाचा वास, आणि बादल्यांत चांदीसारखी तडफडणारी मासळी. दुपारी श्रीनिवासचा फोन वाजला. शिकागोत ऑफिस उघडायची वेळ. तो चार पावले दूर गेला आणि कठड्याला पाठ लावून उभा राहिला. मी त्याचा चेहरा पाहू शकले नाही. शेजारच्या म्हाताऱ्याच्या गळाकडे पाहत राहिले. दोर ताणला गेला, सैल झाला, पुन्हा ताणला गेला.

"राहिली," श्रीनिवास मागून म्हणाला. "माझं नाव नाहीये."

मी वळले. त्याला आनंद झाला असेल असे मला वाटले होते. तो राखेच्या रंगाचा झाला होता. "सतीश गेला. माझ्या समोर बसतो तो. त्याला दोन लहान पोरं आहेत." मी त्याचा हात धरला. तो थंड होता. माझ्या आत एकाच वेळी काहीतरी सुटले आणि काहीतरी मिटले. काय मिटले ते मला नीट ठाऊक होते.

ईरा शाळेला निघायच्या आत आम्ही सुनीतामावशींकडे फोन लावला.

"डिड बाबा लूज हिज जॉब?" तिने पहिले हेच विचारले. म्हणजे तिलाही सारे कळत होते.

"नाही. राहिली."

"सो वी आर नॉट मूव्हिंग?" आणि माझ्या उत्तराआधीच, "ओके, गुड. बिकॉज आय गॉट फर्स्ट चेअर, आई. व्हायोलिनमध्ये. मी सगळ्यांच्या पुढे बसणार."

शेवटचे वाक्य तिने मराठीत म्हटले, मला नीट कळावे म्हणून. मी तिचे कौतुक केले. फोन ठेवल्यावर पुलाखालून एक फेरीबोट गेली, तिच्यामागे सीगल पक्ष्यांचा गलका. आम्ही माशाचे पाव घेतले, कांदा-लिंबू घातलेले, आणि कठड्यापाशी उभ्याने खाल्ले.

"मी जानेवारीत सांगलीला जाते," मी म्हटले. "एकटी. एका सत्रासाठी."

तो चावायचा थांबला.

"नोकरी गेली असती तर सगळ्यांना यावं लागलं असतं. तू तुझा पडलेला चेहरा घेऊन, ईरा तिची खुर्ची सोडून. मी वर्गात उभी राहून कविता शिकवली असती आणि घरी येऊन तुमच्या दोघांची माफी मागत बसले असते. आता घर चालू राहील, म्हणून मला जाता येईल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बायको पळाली."

"नागपूरला आई म्हणेल."

"त्यांना मी सांगेन."

शेजारच्या म्हाताऱ्याने एक बोटभर मासा ओढून काढला, गळातून सोडवला, आणि विचार बदलून पुन्हा पाण्यात टाकला.

"आणि सत्र संपल्यावर येशील?" श्रीनिवासने विचारले.

हा एकच प्रश्न त्याला विचारायचा होता. पंधरा वर्षे मी त्याला लगेच उत्तरे देत आले होते. या वेळी थांबले. मिनारांवरचे ऊन उतरत होते आणि मला स्वतःलाच ते उत्तर ऐकायचे होते.

"येईन," मी म्हटले. "पण मला मे महिन्यात पुन्हा एकदा विचार."

त्याने मान हलवली. पावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला, फोनकडे न पाहता तो बंद केला, आणि पुलाच्या उतारावर चालता चालता, जणू रस्त्याची चौकशी करावी अशा सुरात विचारले, "तुरीच्या डाळीला पाणी किती घालतेस गं?"